तिरोड्याचा कोळसा आणि महासत्तांचे डाव

हावडा-मुंबई लोहमार्गावर गोंदिया जंक्शन सोडून गाडी नागपूरच्या दिशेने निघाली की दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या लागतात. रोवणीचे दिवस असतील तर गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायकांच्या रांगा दिसतात. काचेवानी-तिरोड्याचा परिसर आला की त्या हिरव्या पटावर एकाएकी उंच धुराडी उभी राहतात. तिरोड्याचे हे औष्णिक वीज केंद्र राज्यातील सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी एक आहे. प्रत्येकी ६६० मेगावॉटचे पाच संच, एकूण क्षमता ३,३०० मेगावॉट; २०१२ ते २०१४ या काळात ते क्रमाने सुरू झाले. ढोबळ हिशेब मांडला तरी पूर्ण क्षमतेने चालताना या केंद्राला दिवसाकाठी सुमारे ५० हजार टन कोळसा लागतो. एका मालगाडीत सुमारे चार हजार टन मावतो. म्हणजे दररोज बारा-तेरा मालगाड्या.

शेतात वाकलेला माणूस या मालगाड्यांकडे मान वर करून पाहतही नाही. त्याला त्या सवयीच्या झाल्या आहेत. परंतु त्याच्या घरातील विजेच्या बिलाचा आकडा त्या वाघिणींत काय भरले आहे आणि ते कोठून आले आहे, यावर बऱ्याच अंशी ठरत असतो. आणि ते कोठून यावे व काय भावाने यावे, याचा निर्णय गेल्या दीड दशकात अनेकदा गोंदियात झाला नाही, मुंबईत झाला नाही, दिल्लीतही झाला नाही. तो जकार्तात झाला, मॉस्कोत झाला, बर्लिनमध्ये आणि वॉशिंग्टनमध्ये झाला.

परराष्ट्रनीती हा राजधानीतील वातानुकूलित सभागृहांत चर्चिण्याचा विषय आहे, अशी एक समजूत आपल्याकडील विचारवंतांनी पक्की करून ठेवली आहे. शिखर परिषद, संयुक्त निवेदन, हस्तांदोलनाचे छायाचित्र आणि मग त्यावर दूरचित्रवाणीवरील वादंग, एवढाच त्या नीतीचा संसार आहे असे वाटावे. ऊर्जेच्या प्रश्नात ही समजूत किती फोल आहे, हे पाहायचे असेल तर तिरोड्यासारखे उदाहरण दुसरे नाही.

या केंद्राची आखणी झाली तेव्हा त्याला स्वदेशी कोळसा मिळेल, असे गृहीत होते. चंद्रपूर जिल्ह्यातील लोहारा येथील खाणपट्टा त्यासाठी देण्यात आला होता. पण लोहारा ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाला लागून. पर्यावरण मंत्रालयाने २०१० च्या सुमारास तो मार्ग बंद केला. वाघाच्या अधिवासात खाण नको, ही भूमिका अनुचित होती असे म्हणता येणार नाही. वनाचे आणि वन्यजीवांचे रक्षण हा या भूमीचा संस्कारच आहे. दोष वेगळाच आहे. ज्या शासनाच्या एका हाताने खाणपट्टा दिला, त्याच शासनाच्या दुसऱ्या हाताने तो काढून घेतला, आणि मधल्या काळात वीज खरेदीचे करार होऊन बसले. महावितरणशी झालेले हे करार सुमारे ३,०८५ मेगावॉटचे. दर ठरले, पंचवीस वर्षांची बांधिलकी ठरली. फक्त जे जाळायचे त्याचा ठावठिकाणा राहिला नाही.

मग आधार उरला तो कोल इंडियाच्या पुरवठ्याचा. २००७ च्या कोळसा वितरण धोरणाने वीज केंद्रांना त्यांच्या निर्धारित गरजेइतका पूर्ण कोळसा देण्याचे आश्वासन दिले होते. २०१३ मध्ये केंद्र सरकारने हे आश्वासनच आवरते घेतले. पहिल्या दोन वर्षांत ६५ टक्के, तिसऱ्या वर्षी ६७ टक्के आणि चौथ्या वर्षी ७५ टक्के, एवढाच स्वदेशी कोळसा देण्याचे बंधन कोल इंडियाने पत्करले. उरलेली गरज केंद्रांनी परदेशी कोळसा आणून भागवावी, असा त्याचा सरळ अर्थ. ज्या देशाच्या भूगर्भातील कोळशाचे साठे जगातील पहिल्या पाच देशांत मोडतात, त्या देशाच्या सरकारने आपल्याच वीज केंद्रांना बंदरावर जाऊन बोटीची वाट पाहण्यास सांगितले. याच्याच जोडीला खाणपट्टे वाटपाचा घोटाळा उघडकीस आला. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये २०४ खाणपट्ट्यांचे वाटप रद्द ठरवले. ते वाटप १९९३ पासूनचे होते. अर्थात त्यात एका पक्षाचे सरकार नव्हते, अनेक रंगांची सरकारे होती, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

बंदरावर येणारी बोट बहुतांशी इंडोनेशियाची. तेथील कोळसा स्वस्त व मुबलक असल्याने भारतातील अनेक खासगी उद्योगांनी त्याच भरवशावर किनाऱ्यालगत केंद्रे उभारली होती. कच्छमधील मुंद्रा हे त्याचे ठळक उदाहरण. सप्टेंबर २०१० मध्ये इंडोनेशियाच्या सरकारने फर्मान काढले की, कोळसा यापुढे आंतरराष्ट्रीय बाजारभावाशी निगडित किमान दरानेच निर्यात होईल, मग पूर्वीचे करार काहीही असोत. एका रात्रीत हिशेब कोसळले. वीज कंपन्या वाढीव दरासाठी नियामक आयोगाकडे गेल्या, आयोगाकडून अपीलीय न्यायाधिकरणाकडे आणि तेथून सर्वोच्च न्यायालयाकडे. एप्रिल २०१७ मध्ये न्यायालयाने निकाल दिला: इंडोनेशियाने आपला कायदा बदलला म्हणून भारतीय ग्राहकाकडून जादा दर घेता येणार नाही, मात्र भारत सरकारने कोळसा देण्याचे आश्वासन कमी केल्याने जो फरक पडला, तो कायद्यातील बदल समजून भरपाई देता येईल. तिरोड्याचा वाद या दुसऱ्या गटात मोडणारा होता. पुढे वर्षानुवर्षे आयोग, न्यायाधिकरण आणि न्यायालय यांच्या पायऱ्या झिजल्यावर भरपाईचा हक्क मान्य झाला, आणि महावितरणच्या खात्यावर पडलेला हा बोजा अखेर वीज ग्राहकाच्या बिलातच उतरला.

या निकालाकडे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. परक्याने केलेला दगाफटका उद्योगपतीने सोसावा आणि स्वकीयांनी केलेली हयगय ग्राहकाने सोसावी, असा त्याचा व्यवहारातील परिणाम. न्यायालयाने करारातील शब्दांचा अर्थ लावला, आणि तो लावताना कोठे चूक केली असे नाही. पण देवरी किंवा सालेकशाच्या एखाद्या पाड्यावर दोन दिवे जाळणाऱ्या कुटुंबाने कोल इंडियाच्या अपुऱ्या उत्पादनाची किंमत का मोजावी, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही निकालपत्रात सापडत नाही. ते राज्यकर्त्यांनी द्यायचे असते.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नव्हता, ही त्यातील अधिक खेदाची गोष्ट. गुहागर तालुक्यातील दाभोळ वीज प्रकल्पाच्या रूपाने एन्रॉन कंपनीने राज्याला हा धडा १९९० च्या दशकातच दिला होता. परदेशी इंधन, डॉलरशी बांधलेला दर, आणि वीज घेतली नाही तरी पैसे देण्याची अट. विरोधी पक्षात असताना तो प्रकल्प समुद्रात बुडवण्याची भाषा झाली. १९९५ मध्ये युतीचे सरकार आल्यावर करार रद्दही झाला. आणि नंतर वाटाघाटी होऊन तोच प्रकल्प वाढीव क्षमतेसह पुन्हा स्वीकारला गेला. २००१ मध्ये तो बंद पडला. त्याच वर्षी अमेरिकेचे उपाध्यक्ष डिक चेनी यांनी भेटीस आलेल्या सोनिया गांधी यांच्याकडे दाभोळच्या थकबाकीचा विषय काढला होता. एका खासगी कंपनीच्या वसुलीसाठी महासत्तेचा उपाध्यक्ष शब्द टाकतो, यावरून ऊर्जेचा व्यापार आणि मुत्सद्देगिरी यांतील भिंत किती पातळ असते ते ध्यानात यावे. नाफ्ता जाळून वीज करणाऱ्या दाभोळपासून कोळसा जाळणाऱ्या तिरोड्यापर्यंत इंधन बदलले. पण इंधनाची किल्ली परक्याच्या कमरेला असली की काय होते, ते तसेच राहिले.

२०२१ च्या ऑक्टोबरमध्ये देशातील वीज केंद्रांकडे सरासरी चार-पाच दिवसांचाच कोळसा उरला होता. १ जानेवारी २०२२ रोजी इंडोनेशियाने आपल्या देशातील केंद्रांना कोळसा कमी पडतो म्हणून निर्यातीवर काही आठवडे बंदीच घातली. इंडोनेशियाने स्वतःचे घर आधी पाहिले. त्यात चूक ते काय? कोणतेही स्वाभिमानी राष्ट्र हेच करील. प्रश्न भारताने आपले घर का पाहिले नाही, हा आहे. पाठोपाठ २४ फेब्रुवारीला रशियाच्या फौजा युक्रेनमध्ये शिरल्या. युरोपने रशियन कोळशावर बंदी घातली आणि दक्षिण आफ्रिका, कोलंबिया, ऑस्ट्रेलिया, इंडोनेशिया, जेथे मिळेल तेथून कोळसा उचलण्यास प्रारंभ केला. वर्षभरापूर्वी टनाला शंभर डॉलरच्या आत असलेला ऑस्ट्रेलियन कोळसा चारशे डॉलरच्या वर गेला. अशा वेळी, एप्रिल-मे २०२२ मध्ये, आपल्या ऊर्जा मंत्रालयाने देशी कोळशावर चालणाऱ्या केंद्रांना दहा टक्के परदेशी कोळसा मिसळण्याचे निर्देश दिले, आणि परदेशी कोळशावरील बंद पडलेली केंद्रे वीज कायद्याच्या कलम ११ चा आधार घेऊन चालवण्यास भाग पाडले. उन्हाळा भयंकर होता, विजेची मागणी उच्चांकी होती. निर्णय अपरिहार्य असेलही. पण घरात विहीर असताना शेजाऱ्याकडून चौपट भावाने पाणी विकत घेण्याची पाळी आली, ती विहिरीचा गाळ वेळेवर काढला नाही म्हणून.

याच काळात पाश्चात्य जगाने नीतिमत्तेचे जे प्रदर्शन मांडले, ते पाहण्यासारखे होते. कोळसा हे पृथ्वीवरील पाप आहे, असे ग्लासगोच्या हवामान परिषदेत नोव्हेंबर २०२१ मध्ये भारताला बजावणाऱ्यांपैकी जर्मनीने पुढच्याच वर्षी स्वतःची बंद केलेली कोळसा केंद्रे पुन्हा पेटवली. भारताने रशियाचे तेल घेतले की ते युद्धाला इंधन, आणि युरोपने रशियाचा द्रवरूप वायू जहाजे भरभरून घेतला की ती व्यावहारिक गरज! युद्धापूर्वी भारताच्या तेल आयातीत रशियाचा वाटा जेमतेम दोन टक्के होता. नंतर तो तिसऱ्या हिश्श्याच्याही वर गेला. तो गेला नसता आणि भारतानेही अरबी आखाताच्या बाजारात गर्दी केली असती, तर जगात तेलाचा भाव काय झाला असता, याची जाण वॉशिंग्टनला पुरेपूर होती. अमेरिकेचे तेव्हाचे भारतातील राजदूत एरिक गार्सेटी यांनी मे २०२४ मध्ये जाहीरपणे सांगितले होते की, भाव भडकू नयेत म्हणून ठराविक मर्यादेत भारताने हे तेल घ्यावे अशीच अमेरिकेची इच्छा होती. सव्वा वर्ष गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच तेलासाठी ट्रम्प प्रशासनाने भारतीय मालावर २५ टक्के जादा शुल्क लादले, आणि एकूण शुल्क ५० टक्क्यांवर नेले. रशियन तेलाचा सर्वांत मोठा ग्राहक असलेल्या चीनला मात्र त्या कारणासाठी असा दंड झाला नाही. दुर्मीळ धातूंची नाडी ज्याच्या हाती आहे, त्याच्याशी बोलताना महासत्तेचाही आवाज खाली येतो.

दिल्लीने त्या वेळी झुकण्यास नकार दिला, हे योग्यच झाले. परंतु ठामपणाचे कौतुक करताना स्मरणशक्ती गहाण टाकून चालणार नाही. सप्टेंबर २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेत भारताने इराणविरुद्ध मत दिले, तेव्हा अमेरिकेबरोबरच्या अणुकराराचे आमिष समोर होते. इराण-पाकिस्तान-भारत वायुवाहिनीची कल्पना पुढे मागेच पडली. ती वाहिनी पाकिस्तानातून यायची होती, तेव्हा तिच्या सुरक्षेबद्दलच्या शंका रास्तच होत्या. पण निर्णय आपल्या शंकांमुळे व्हावा की परक्याच्या नाराजीमुळे, यात अंतर असते. अणुकरार २००८ मध्ये झाला. त्यातून महाराष्ट्राच्या वाट्याला येणार होता रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूरचा ९,९०० मेगावॉटचा प्रकल्प. २०१० मध्ये फ्रेंच कंपनीशी प्राथमिक करार झाला. कंपनी बदलली, सरकारे बदलली, दायित्वाच्या कायद्यावर वाद झाले. माडबनच्या सड्यावर अणुभट्टी मात्र उभी राहिली नाही. आणि मे २०१९ मध्ये ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत अमेरिकेने सवलत काढून घेताच भारताने इराणचे तेल घेणे थांबवले. तेव्हा दिल्लीत सरकार वेगळे होते. म्हणजे पक्ष कोणताही असो, २०२५ मध्ये जी मान ताठ राहिली ती २०१९ मध्ये वाकली होती. या दोन वर्षांत नेत्यांचे धैर्य बदलले नव्हते. पर्याय वाढले होते. धैर्यालाही कोठारात धान्य लागते.

गोंदियाच्या शेतकऱ्याला या डावांचा चटका केवळ विजेच्या तारेतून बसत नाही. तो युरियाच्या पोत्यातूनही बसतो. धानाला युरिया लागतोच. रोवणीनंतरची पहिली मात्रा चुकली तर पीक पिवळे पडते. युरिया तयार होतो नैसर्गिक वायूपासून, आणि आपल्या खत कारखान्यांत जाणारा बहुतांश वायू जहाजाने येतो. भारताच्या ‘गेल’ कंपनीचा रशियाच्या गॅझप्रॉम समूहाच्या एका सिंगापूरस्थित कंपनीशी वायूचा दीर्घ मुदतीचा करार होता. युक्रेन युद्ध पेटल्यावर जर्मन सरकारने गॅझप्रॉमची जर्मनीतील शाखा ताब्यात घेतली, आणि तिच्या मार्फत भारतात यायची जहाजे २०२२ च्या उन्हाळ्यापासून येईनाशी झाली. करारात ठरलेला किरकोळ दंड भरून तो वायू युरोपकडे वळवणे फायद्याचे होते. ‘गेल’ला खत कारखान्यांसह आपल्या ग्राहकांचा पुरवठा कापावा लागला. करार पाळावेत, नियमाधिष्ठित जागतिक व्यवस्था राखावी, असा उपदेश भारताला ज्या राजधान्यांतून होतो, त्यांतील एकीचा हा व्यवहार!

शेतकऱ्याला ४५ किलोचे पोते तेव्हाही अडीचशे-पावणेतीनशे रुपयांच्या घरातच मिळाले, हे खरे. भाववाढीचा भार सरकारने उचलला. २०२२-२३ या एका वर्षात खतांवरील अनुदान अडीच लाख कोटी रुपयांवर गेले. या धोरणाचे श्रेय द्यायलाच हवे. परंतु हा पैसा आकाशातून पडत नाही. सिंचनाच्या कालव्यांना, गावच्या रस्त्यांना, शाळांना जो निधी जायचा, त्यातलाच तो. आणि पोत्याचा भाव स्थिर ठेवता आला, तरी पोते वेळेवर मिळेलच याची हमी कोण देणार? चीनने २०२१ पासून युरिया आणि डीएपी या दोन्हींच्या निर्यातीवर वेळोवेळी निर्बंध घातले. २०२५ च्या खरिपात डीएपीची टंचाई देशभर जाणवली. गलवानमध्ये ज्याच्याशी झुंज घ्यावी लागली, त्याच्याच मर्जीवर रोवणीच्या वेळचे खत अवलंबून असावे, ही स्थिती लाजिरवाणी आहे.

चीनचा विषय निघालाच आहे, तर वीज केंद्रांच्या यंत्रसामग्रीचेही पाहावे. २००५ नंतरच्या दशकात भारतातील खासगी वीज उद्योगाने शांघाय, हार्बिन आणि डोंगफांग या चिनी कंपन्यांचे बॉयलर व टर्बाइन सढळ हाताने विकत घेतले. कारण एकच, स्वस्त आणि लवकर. भेलसारख्या स्वदेशी कारखान्याला या स्पर्धेचा फटका बसला. २०१२ मध्ये परदेशी यंत्रसामग्रीवर २१ टक्के शुल्क बसले, तोवर बहुतेक मागण्या नोंदवून झाल्या होत्या. २०२० मध्ये गलवाननंतर ऊर्जा मंत्रालयाला आदेश काढावा लागला की, आयात केलेल्या वीज उपकरणांत घातक संगणकीय प्रणाली दडवलेली नाही ना, हे तपासून घ्यावे. आता सूर्यशक्तीचे युग आले म्हणतात. सूर्य आपला, ऊन आपले. पण त्या पट्ट्यांतील सिलिकॉनच्या चकत्या आणि विद्युतघटांतील रसायने यांच्या जागतिक उत्पादनाचा फार मोठा हिस्सा चीनचा. आखाती तेलाची गुलामी सोडून चिनी चकत्यांची पत्करली, तर स्वावलंबन कशाला म्हणायचे? देशात पट्ट्यांची जुळणी वाढली आहे, चकत्यांचे कारखानेही उभे राहू लागले आहेत. ते काम आणखी वेगाने व्हावयास हवे.

काही गोष्टी सुधारल्या आहेत, आणि त्या सांगितल्या पाहिजेत. २०२४-२५ या वर्षात देशाचे कोळसा उत्पादन प्रथमच शंभर कोटी टनांच्या पुढे गेले. सुमारे १०४ कोटी ७० लाख टन. त्याच वर्षी कोळशाची आयात सुमारे दोन कोटी टनांनी घटून २४ कोटी टनांच्या आसपास आली. तीन-चार वर्षांपूर्वी जो देश बंदराकडे डोळे लावून बसला होता, त्याने आपल्या विहिरीचा गाळ काढावयास घेतला आहे, याची ही खूण. ही आयात अजूनही थोडी नाही. त्यातील पोलादासाठी लागणाऱ्या कोळशाचे सोडले तरी बरेच उरते.

साठवणुकीच्या बाबतीत मात्र अजून पुष्कळ व्हायचे आहे, आणि त्यासाठी परदेशी आदर्श शोधत हिंडण्याचे कारण नाही. गोंदिया-भंडाऱ्याच्या या धानपट्ट्यात शेकडो जुने तलाव आहेत. महसुली भाषेत त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात, लोक मामा तलाव म्हणतात. कोहळी समाजाने काही शतकांपूर्वी ते बांधले. नवेगावच्या बांधाशी कोलू पाटील कोहळी यांचे नाव परंपरेने जोडलेले आहे. पाऊस चार महिने पडतो आणि धानाला नेमक्या त्या आठवड्यात पाणी लागते ज्या आठवड्यात आभाळ दगा देते, हे त्या शहाण्या लोकांनी ओळखले होते. म्हणून पाणी विपुल असताना अडवले, पाट काढले, आणि कोणाला कधी पाणी द्यायचे याचे नियम गावाने ठरवले. आभाळाशी वाद घालत बसले नाहीत.

तेलाचे आभाळही असेच लहरी आहे. १९९०-९१ मध्ये इराकने कुवेत गिळला, भाव भडकले, आणि भारतावर ४७ टन सोने इंग्लंडच्या बँकेत पाठवून परकीय चलन उभे करण्याची पाळी आली. त्यानंतर विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर येथे जमिनीखालच्या खडकांत तेलाची कोठारे खोदण्यात आली. त्यांची एकूण क्षमता ५३ लाख ३० हजार टन, म्हणजे देशाच्या गरजेच्या साडेनऊ दिवसांची. तेल कंपन्यांकडील साठा धरला तर ही मजल सुमारे ७४ दिवसांवर जाते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था आपल्या सदस्य राष्ट्रांना ९० दिवसांच्या आयातीइतका साठा बाळगण्यास सांगते. २०२० च्या एप्रिल-मेमध्ये महामारीमुळे तेलाचे भाव कोसळले, तेव्हा भारताने ही कोठारे भरून घेतली आणि सरकारच्या हिशेबाने पाच हजार कोटी रुपये वाचवले. पाऊस पडत असताना तलाव भरून घेण्याचे शहाणपण ते हेच. दुःख एवढेच की तलाव लहान होता. जुलै २०२१ मध्ये ओडिशातील चंडीखोल व पादूर येथे आणखी ६५ लाख टनांच्या कोठारांना मंजुरी मिळाली. त्या कामाची गती पाहिली तर कोहळ्यांनी फावड्याने खोदलेले तलाव लवकर झाले असावेत असे वाटते!

वायूची कोठारे तर नावालाही नाहीत. कतारशी वर्षाला ७५ लाख टन द्रवरूप वायूचा करार २०२४ मध्ये २०४८ पर्यंत वाढवून घेतला, ही जमेची बाजू. पण तो सारा वायू होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून यायचा असतो. कोळशापासून वायू करण्याचे आणि त्यातून खत करण्याचे तंत्र देशात रुजवण्याचा प्रयत्न ओडिशात तालचेरच्या खत कारखान्यात चालला आहे. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण फार, म्हणून हे काम सोपे नाही आणि पुन:पुन्हा लांबले आहे. तरीही ते सोडून देण्यासारखे नाही, कारण ते साधले तर युरियाच्या पोत्याचा धागा दोहा आणि बर्लिनपासून तुटून छत्तीसगड-विदर्भाच्या खाणींशी जोडला जाईल. गोंदियाच्या तांदूळ गिरण्या आपल्या बॉयलरमध्ये धानाचाच भुसा जाळून उसना तांदूळ करतात. ज्या पिकाची राख, त्याच पिकाची वाफ. त्यांना जकार्तातील फर्मानाची भीती नाही. हा हिशेब राष्ट्राच्या पातळीवर मांडता येईल की नाही, हा खरा प्रश्न आहे.

आणि राष्ट्राच्या स्वावलंबनाची किंमत नेहमी त्याच त्या माणसाने मोजायची नसते, हेही कोणीतरी दिल्ली-मुंबईला सांगितले पाहिजे. तिरोड्याच्या केंद्राला पाणी जाते वैनगंगेचे. राख पडते ती या परिसरात. वीज मात्र ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीवरून कोराडी, अकोला आणि पुढे मराठवाड्याच्या दिशेने धावते. ती धावावीच, राज्य एक आहे, देश एक आहे, आणि विदर्भाने त्याबाबत कधी हात आखडता घेतलेला नाही. पण उन्हाळी धानाला पाणी देण्यासाठी त्याच तिरोडा-गोरेगावच्या शेतकऱ्याला वर्षानुवर्षे रात्रीच्या पाळीची वीज मिळत आली आहे. २०२३ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा राबवून शेतीला दिवसा वीज देण्याचे काम सुरू झाले. जेथे वाहिनी पोहोचली तेथे फरक पडला. जेथे पोहोचलेली नाही, तेथे शेतकरी अजूनही धुराडीच्या टोकावरचे लाल दिवे लुकलुकताना पाहत, एका हातात विजेरी आणि दुसऱ्या हातात काठी घेऊन, सापा-रानडुकरांच्या धास्तीने बांधावरून चालत पंप सुरू करायला जातो. आणि मागे लोहमार्गावरून कोळशाची पुढची गाडी निघून जाते.